साठ हजार, एक मशीन आणि दोन मतं

गेमिंगसाठी संगणक जोडायचा तर कुठला भाग घ्यावा, याच्या याद्या हव्या तेवढ्या मिळतात. त्या करणाऱ्यांच्या घरची लाइट सहसा जात नाही, कंपनीचं सर्व्हिस सेंटर त्यांच्याच शहरात असतं आणि शंभर जीबीचा गेम जेवण होईपर्यंत उतरलेला असतो. लातूर, उदगीर आणि निलंगा यांच्या मधे वसलेल्या शिरूर अनंतपाळमध्ये यातलं काहीच धरून चालता येत नाही. म्हणून इथल्या एका घरात झालेला वाद लिहून ठेवावासा वाटला. वाद मामा-भाच्याचा. मामांचं उदगीरला संगणक दुरुस्तीचं दुकान. जळालेले बोर्ड आणि फुगलेले कपॅसिटर बघण्यात त्यांच्या उमेदीची वर्षं गेली. भाचा लातूरला पॉलिटेक्निकला, सुट्टीत गावी आलेला. कुठल्या कार्डावर कुठला गेम किती फ्रेमनं चालतो याचा त्यानं इतका बारकाईनं अभ्यास केलाय, की मामांनाही मधेमधे थांबून विचार करावा लागला.

पैसे साठ हजार, वडिलांनी सोयाबीनमधून बाजूला काढलेले. २०२५-२६ च्या हंगामाचा सोयाबीनचा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये. त्या भावानं धरलं तरी साठ हजार म्हणजे सव्वाअकरा क्विंटल, आणि बाजारात तो भाव मिळतोच असं नाही. सप्टेंबर २०२५ च्या पावसानं मराठवाड्यातल्या उभ्या पिकाचं काय केलं हे इथल्या वाचकाला सांगायला नको. तेव्हा एकही भाग दोनदा विकत घ्यावा लागू नये, ही अट वडिलांनी आधीच घातली होती.

भाचा : मामा, माझा हिशोब सरळ आहे. गेम चालतो ग्राफिक्स कार्डावर. साठातले तीस कार्डाला. उरलेल्या तीसमध्ये बाकीचं कसंही बसवू.

मामा : कसंही म्हणजे काय काय?

भाचा : आय३-१२१००एफ प्रोसेसर, एच६१० चा सगळ्यात स्वस्त बोर्ड, सोळा जीबी रॅम, पाचशे जीबीची एसएसडी, एक मॉनिटर. आणि काचेचं कॅबिनेट, लाइटवाल्या चार फॅनचं. त्याच्यासोबत पाचशे वॅटचा एसएमपीएस फुकट मिळायलाय.

मामा : त्या एसएमपीएसच्या अंगावरचं लेबल वाचलंस का?

भाचा : पाचशे वॅट लिहिलंय की मोठ्या अक्षरात.

मामा : मोठं अक्षर सोड. खाली बारीक रकाने असतात, त्यातला बारा व्होल्टचा रकाना बघायचा. प्रोसेसर आणि कार्ड दोन्ही बारा व्होल्टवरच चालतात. तिथं अठरा अँपिअर असतील तर बारा गुणिले अठरा, दोनशे सोळा वॅट. मग पाचशे गेले कुठं? आरएक्स ६६०० सारख्या कार्डालासुद्धा एकट्याला १३२ वॅट लागतात. प्रोसेसर जोरात चालला की शंभराच्या आसपास तो घेणार. पंखे, डिस्क, बोर्ड धरून तू तीनशेच्या घरात जातोस. फुकटचा एसएमपीएस नुसता बंद पडला तर नशीब समज. जाताना बोर्ड आणि कार्डही घेऊन गेला, की मग ते माझ्या टेबलावर येतं.

भाचा : पण मामा, एसएमपीएसवर चार हजार घातले म्हणून एक फ्रेमसुद्धा वाढत नाही.

मामा : वाढत नाही, खरंय.

मामांनी हे लगेच कबूल केलं ते मला आवडलं, कारण पहिलं मशीन जोडणारा पोरगा नेमका याच मुद्द्यावर फसतो. फ्रेम मोजता येतात. न जळालेला बोर्ड कुणी मोजत नाही. भाच्याचं घर गावाच्या कडेला, शेतांना लागून. रात्री थ्री फेज आली की आजूबाजूच्या मोटारी एकदम सुरू होतात आणि घरातला दाब खाली येतो. मोटारी बंद झाल्या की तो वर उसळतो. डीपीवर काही बिघडलं तर विचारूच नका. हलक्या एसएमपीएसला, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणाऱ्या डब्याला, मागं छोटा लाल खटका असतो, ११५ आणि २३० असा. तो २३० वर ठेवला की दाब फार खाली गेल्यावर मशीन आपोआप बंद होऊन पुन्हा चालू होतं. ज्यात अ‍ॅक्टिव्ह पॉवर फॅक्टर करेक्शन आहे आणि लेबलवर १००-२४० व्होल्ट लिहिलंय असा चांगला एसएमपीएस त्या दोन आकड्यांच्या मधे कुठंही चालतो आणि पुढच्या भागांना तेवढेच नेमके बारा व्होल्ट देत राहतो. म्हणजे उतरलेल्या दाबासाठी वेगळा स्टॅबिलायझर लागत नाही; फार वर उसळलेल्या दाबापासून मात्र असा एसएमपीएसही वाचवत नाही. साडेचारशे ते साडेपाचशे वॅटचा, ८० प्लसची खूण असलेला, पाच वर्षांच्या वॉरंटीचा एसएमपीएस हा शिरूरच्या यादीतला पहिला भाग आहे. पुण्यातल्या यादीत तो सातवा असला तरी चालेल.

भाचा : बरं, एसएमपीएस चांगला घेऊ. पण मग यूपीएस नको. इन्व्हर्टर आहे घरात.

मामा : त्याच्या मागं 'यूपीएस' आणि 'नॉर्मल' असा खटका असतो. कशावर आहे?

भाचा : बघितलं नाही कधी.

मामा : नॉर्मलवर असेल तर लाइट गेल्यावर इन्व्हर्टर जागा व्हायला वेळ लावतो. ट्यूब एकदा मिचकावते, पंख्याला तर कळतही नाही, पण संगणक बंद. चांगला एसएमपीएस सोळा-सतरा मिलिसेकंद तग धरतो, त्याच्या आत बदल व्हायला हवा. यूपीएसवर खटका ठेवला की बहुतेक इन्व्हर्टर तेवढ्यात बदलतात. आणि तुमचा स्क्वेअर वेव्हचा का साइन वेव्हचा?

भाचा : साइन वेव्ह. बाबांनी मागच्या वर्षीच बदललाय.

मामा : मग तुझे यूपीएसचे पैसे वाचले. खटका फिरव आणि गेम चालू असताना एकदा मेन बंद करून बघ. आता तिसरं. भिंतीवरच्या बोर्डाच्या थ्री पिनमधल्या वरच्या मोठ्या छिद्राला वायर आहे का?

भाचा : असेल की.

मामा : असेल की, म्हणू नको. वायरमनकडून तपासून घे. जुन्या घरांत पिन तीन असतात आणि वायरी दोनच. अर्थिंग नसलं की कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावल्यावर झिणझिण्या येतात. लोक म्हणतात, मशीनमध्ये करंट उतरलाय. मशीन चांगलं असतं. एसएमपीएसच्या आत गाळणीला लावलेले छोटे कपॅसिटर असतात, त्यांच्यातून थोडा दाब पत्र्यावर येतोच. तो जमिनीत जायला वाट पाहिजे. वाट नसली आणि तू चालू मशीनला टीव्हीची एचडीएमआय केबल खुपसलीस, तर तो दाब त्या केबलमधून वाट काढतो. कार्डाचं पोर्ट जातं, नाहीतर टीव्हीचं.

काळ्या मातीत अर्थिंग चांगलं लागतं, पण ती माती उन्हाळ्यात भेगाळते आणि मग नुसता रोवलेला गज कामाचा राहत नाही. खड्डा, त्यात मीठ आणि कोळसा, आणि मार्चपासून अधूनमधून बादलीभर पाणी, ही जुनीच रीत इथं उपयोगाची आहे. वायरमनला सांगून एका दिवसात होणारं काम आहे. त्याचे पैसे साठ हजारांतून आधीच बाजूला काढायला मामांनी लावले. भाचा नाखूष होता. पण शिरूरमध्ये संगणकाच्या यादीत वायरमनची मजुरी यायला हवी, असं माझंही ठाम मत आहे.

इथवर मामांचं पारडं जड होतं. मग त्यांनी आपला खरा बेत काढला.

मामा : माझं ऐक. यंदा कार्ड घेऊच नको. रायझन ५ ५६००जी घे. सहा कोअर, बारा थ्रेड, आणि ग्राफिक्स त्याच्या आतच. आठ-आठच्या दोन रॅम लाव. एकच सोळाची लावलीस तर ग्राफिक्सला मेमरीची वाट निम्मी मिळते. व्हॅलोरंट कमी सेटिंगवर छान चालतं, जीटीए फाइव्ह पण चालतं. माझ्या दुकानात एकेकाळी पोरं ईए स्पोर्ट्सचं क्रिकेट ०७ टाकून न्यायची, तेव्हा कार्ड कुणाकडं होतं? कार्ड पुढच्या सोयाबीनला.

भाचा : मामा, ५६००जीमध्ये एल३ कॅशे सोळा एमबी आहे आणि साध्या ५६००मध्ये बत्तीस. पुढं कार्ड लावल्यावर आतलं ग्राफिक्स बिनकामाचं, पण कमी कॅशे कायमची. शिवाय त्याचं पीसीआय एक्स्प्रेस तिसऱ्या पिढीचं. पहिल्या वर्षाच्या सोयीसाठी पुढं पाच वर्षं अधू प्रोसेसर वापरू का?

मामा : तेवढा फरक डोळ्यांना दिसत नाही.

भाचा : बरं, नाही दिसत. पण तुम्ही पुढच्या सोयाबीनला म्हणालात. पुढचं सोयाबीन कसं येणार, कोण सांगतंय? बाबांच्या हातात आज पैसे आहेत. पुढच्या वर्षी बियाणं-खतालाच पुरले नाहीत तर मी त्यांच्याकडं कार्ड मागू? तुम्ही दोन टप्पे म्हणता, पण दुसरा टप्पा येईलच असं धरून बोलताय.

मामा यावर काही बोलले नाहीत. पगारदार घराला टप्प्याटप्प्यानं घेणं परवडतं, कारण पुढच्या महिन्याची तारीख ठरलेली असते. ज्या घरात पैसा वर्षातून एकदा आणि पावसाच्या मर्जीनं येतो, तिथं आलेल्या पैशात काम पुरं करणं हाच शहाणपणा असतो. बियाणं घेताना आपण तेच करतो. भाच्याच्या या एका वाक्यानं वादाची दिशा बदलली आणि कार्ड यंदाच घ्यायचं ठरलं. मात्र मामांनी एक गोष्ट सोडली नाही.

मामा : कार्ड घेऊ. पण मग एफ कशाला? आय३-१२१००एफ, आय५-१२४००एफ, यांच्या आतलं ग्राफिक्स बंद केलेलं असतं. कार्ड बिघडलं की पडदा काळा.

भाचा : कार्डाला तीन वर्षांची वॉरंटी असते.

मामा : असते की. पण कार्ड जाणार कुरिअरनं, पुण्याला नाहीतर हैदराबादला. परत यायला कित्येक आठवडे. तोवर हे नुसतं काचेचं कपाट. तुझं प्रोजेक्ट अडकलं, तुझ्या आईचा बचत गटाचा हिशोब अडकला, पीक विम्याचा अर्ज भरायला पुन्हा सेवा केंद्रात रांग. एफ नसलेला आय५-१२४०० घे. कार्ड गेलं तर केबल कार्डातून काढून बोर्डाला लावायची, पाच मिनिटांत मशीन चालू. गेम नाही चालणार, पण घर चालेल.

भाचा : एफ थोडा स्वस्त पडतो. तो फरक मी कार्डात घातला असता.

मामा : तो फरक सर्व्हिस सेंटर जवळ असणाऱ्यानं वाचवावा.

सगळ्या संभाषणात मला सर्वांत मोलाचा वाटला तो हा मुद्दा. एफवाला प्रोसेसर घ्या, पैसे वाचवा, असं सगळेच सांगतात, आणि नुसता गेम खेळायचा असेल तर ते बरोबरही आहे. पण तालुक्याच्या गावात घरातला हा एकुलता एक संगणक असतो. त्याचं बंद राहणं सगळ्या घराला लागतं. प्रोसेसरच्या आतलं दुबळं ग्राफिक्स इथं गेमसाठी घ्यायचंच नसतं. चार कोअरच्या आय३ ऐवजी सहा कोअरचा आय५ घ्यावा, यावर मात्र दोघांचं लगेच जमलं. नव्या मोठ्या गेमना चार कोअर कमी पडू लागलेत आणि भाच्याला पुढं ब्लेंडर शिकायचंय.

आता प्रोसेसर वर चढला, एसएमपीएस वर चढला, अर्थिंग आलं. कार्डाचे तीस हजार राहिलेच नाहीत. मामांनी आणखी एक वाट सुचवली : कंपन्यांतून निघालेली डेल-एचपीची ऑफिसची मशीनं, आठव्या पिढीचा आय५ असलेली. विंडोज ११ त्यावर चालतं, आणि विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपल्यापासून हे बघावंच लागतं. त्यात सत्तर वॅटचं, वेगळी वायर न लागणारं आरटीएक्स ३०५० सहा जीबीचं कार्ड. भाच्यानं ती वाट दोन वाक्यांत बंद केली. त्या मशीनचा एसएमपीएस कंपनीच्या स्वतःच्या मापाचा, उद्या गेला तर बाजारातला बसत नाही. आणि बारक्या कॅबिनेटमध्ये अर्ध्या उंचीचंच कार्ड मावतं, ते महाग. मामा हसून म्हणाले, बरोबर आहे. ज्याला आज वीस-पंचवीस हजारांतच भागवायचंय त्याच्यासाठी ही वाट मी तरी खुली ठेवेन.

भाचा : मग कार्ड जुनं घेऊ. आरएक्स ६६००, आठ जीबीचं. १०८० वर अजून सगळं चालवतं.

मामा : जुनं कार्ड? अरे, मायनिंगवाल्यांनी वर्षानुवर्षं रात्रंदिवस तापवून विकलेली कार्डं बाजारात फिरतायत. दुकानात आलीत माझ्या. पंखे घासलेले, मेमरीखालचे पॅड वाळलेले.

भाचा : मायनिंग मुख्य चालायचं ते इथेरियमचं. ते ग्राफिक्स कार्डावर काढणं १५ सप्टेंबर २०२२ ला बंद झालं. त्या दिवसापासून इथेरियमला कार्डं लागतच नाहीत. ६६०० बाजारात आलं ऑक्टोबर २०२१ ला. म्हणून मी २०२३ नंतरचं बिल असलेलंच कार्ड बघणार. ज्याच्याकडं बिल नाही त्याच्याशी बोलायचंच नाही. बिल असलं तर उरलेली वॉरंटीही मिळते, कारण बऱ्याच कंपन्यांची वॉरंटी सिरियल नंबरवर चालते.

मामा : हे मला सुचलं नव्हतं.

भाचा : आणि स्वस्तात 'आरएक्स ५८०' म्हणून जे मिळतं, त्याच्या नादाला लागायचं नाही. २०१७ चं कार्ड ते, आणि त्यातही २०४८ एसपी नावाचं कापलेलं विकतात.

मामा : मग घेताना मी सोबत येतो. जीपीयू-झेड लावून आतलं नाव खरं आहे का बघायचं. फरमार्कवर वीस मिनिटं ठेवायचं. पडद्यावर ठिपके-रेघा आल्या, पंखा खरखरला, की परत. पैसे शेवटी. आणि एक लक्षात ठेव. जुना प्रोसेसर चालतो, तो सहसा मरत नाही. जुनी रॅम चालते, मेमटेस्ट रात्रभर लावून घेतली तर. जुनं कार्ड तू म्हणतोस तसं, बिलावर. पण जुना एसएमपीएस आणि जुनी डिस्क कुणी फुकट दिली तरी घरात आणायची नाही.

कार्ड कुठून आणायचं यावर थोडं बोलणं झालं. मुंबईला लॅमिंग्टन रोड आहे, पण उदगीरच्या माणसाला हैदराबाद जवळ वाटतं. बीदर, विकाराबादमार्गे थेट रेल्वे, आणि सिकंदराबादच्या पार्कलेनला चेनॉय ट्रेड सेंटरमध्ये एका छताखाली संगणकाच्या भागांची दुकानंच दुकानं. समोर लावून दाखवतात, हा त्याचा मोठा फायदा. नवे भाग मात्र लातूरलाच घ्यायचे असं मामांचं म्हणणं. शे-दोनशे रुपये जास्त गेले तरी बिघडल्यावर एसटीत बसून दुकानदाराच्या समोर जाता येतं. भाच्याला ऑनलाइन हवं होतं, किंमत कमी म्हणून. बोर्ड आणि एसएमपीएस लातूरहून, बाकीचं जिथं स्वस्त तिथून, अशी वाटणी झाली.

रॅमचा प्रश्न बिकट निघाला. २०२५ च्या अखेरीपासून रॅम आणि एसएसडीचे भाव जगभर चढले आहेत. एआयची डेटा सेंटरं मेमरीच्या चिपा उचलतात आणि कारखाने आधी त्यांची मागणी पुरवतात. क्रुशियल या नावानं घराघरांत रॅम पोचवणाऱ्या मायक्रॉननं डिसेंबर २०२५ मध्ये तो धंदाच सोडत असल्याचं जाहीर केलं. याचा फटका शिरूरच्या पोराला बसतो. सकाळी काढलेलं कोटेशन संध्याकाळी चालेल याची खात्री दुकानदार देत नाही.

भाचा : म्हणून आत्ता आठचीच घेऊ का? पुढं आणखी एक.

मामा : आठवर आजचे गेम गुदमरतात. जुन्या डीडीआर४ च्या आठ-आठच्या दोन बघू. एच६१० वर दोनच जागा असतात, त्या एकदाच भर. आणि मशीन उभं राहिल्यावर बायोसमध्ये एक्सएमपी चालू कर. नाहीतर ३२०० च्या रॅमचे पैसे देऊन ती कमी वेगावर चालवत बसशील आणि वर्षभर कळणारही नाही.

भाचा : तिथंच टीपीएम आणि सिक्युअर बूटही चालू करायचं. विंडोज ११ वर व्हॅलोरंट त्याच्याशिवाय उघडत नाही.

कॅबिनेटवरून भाचा शेवटपर्यंत हटून बसला होता. काचेचं, रंगीत लाइटचं, हे त्याचं जुनं स्वप्न. मामांनी त्याला वर बघायला सांगितलं. खोलीवर पत्रे आहेत. लातूर जिल्ह्यात एप्रिल-मेमध्ये पारा चाळीसच्या पुढं जातो आणि पत्र्याखाली त्याहून जास्त. पंखा जी हवा आत ओढणार तीच चाळिशीची. समोर काच असेल तर तेवढीही आत जात नाही. कार्ड तापलं की ते स्वतःचा वेग कमी करतं, म्हणजे ज्या फ्रेमसाठी पैसे मोजले त्याच उन्हाळ्यात हातून जातात. समोर जाळी, जाळीमागं धुता येणारा फिल्टर, आणि मळणीच्या दिवसांत तो दर आठवड्याला झटकायचा. बाजूला काच चालेल, एवढी सूट मिळाली. मला विचाराल तर पोरानं पहिल्या मशीनमध्ये थोडी शोभा मागितली, ती द्यावी. रोज त्याच्या समोर बसणार तोच.

मॉनिटरवर वाद झाला नाही. १०८०चा, शंभर हर्ट्झचा. फक्त केबल कार्डाला लावायची, बोर्डाला नाही, आणि विंडोजच्या सेटिंगमध्ये जाऊन शंभर हर्ट्झ निवडायचे. मामांकडं 'गेम अडकतोय' म्हणून येणाऱ्या मशीनपैकी कित्येकांचं दुखणं एवढंच असतं.

भाचा : पाचशे जीबीत तीन-चारच मोठे गेम बसतील.

मामा : उतरवणार कसे ते सांग आधी. मोबाइलवर दिवसाला दोन जीबी मिळतात.

भाचा : जीटीए फाइव्ह शंभर जीबीच्या वर आहे. म्हणजे पन्नास दिवस. म्हणून होस्टेलच्या वायफायवर लॅपटॉपवाल्या मित्राकडं उतरवायचा आणि पोर्टेबल डिस्कवर आणायचा. माझ्याच अकाउंटवर विकत घेतलेला गेम, फाइली कॉपी केल्या तरी चालतो. फक्त राहिलेलं अपडेट उतरतं.

मामा : क्रॅक केलेले आणणार नाहीस ना? त्याच्यातून आलेला व्हायरस काढायला लोक माझ्याकडं येतात, आणि तोवर आईच्या बँकेचा पासवर्ड गेलेला असतो.

भाचा : नाही. सेलमध्ये घेतो.

एवढ्यात भाच्याची आई आतून म्हणाली, 'मला तर हा अभ्यासासाठी घ्यायचाय म्हणाला होता.' शेजारच्या गावात ऑनलाइन पत्त्यांत कुणाचे तरी पैसे बुडाल्याचं तिनं ऐकलं होतं आणि तिची भीती खरी होती. भाच्यानं पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचं उदाहरण दिलं : 'राजी' हा गेम त्यांनी २०२० मध्ये काढला, आपल्या पुराणांवरचा, आणि तो जगभर खेळला गेला. म्हणजे गेमही शिकायचा विषय आहे. मामांनी त्याला अडवलं.

मामा : शिकशील तर चांगलंच आहे. पण आईला खरं सांग. खेळायला पाहिजे, म्हणून घेतोयस. शेतात राबून, मार्क मिळवून पोरगं खेळायला काही मागतंय, यात लपवण्यासारखं काय आहे?

ताईंना, म्हणजे भाच्याच्या आईला, मी एवढंच सांगितलं, की पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ ऑगस्ट २०२५ च्या केंद्राच्या कायद्यानं बंद केलेत. पोरगा मागतोय ते वेगळं आहे. यात एकदा गेम विकत घेतला की पुढं पैसे घातलेच पाहिजेत असं नाही. वेळ किती द्यायचा हा घरातला प्रश्न, तो घरातच सुटेल. विजेचं विचाराल तर तीनशे वॅटनं रोज तीन तास म्हणजे दिवसाला एक युनिटही पुरतं होत नाही.

शेवटी कागदावर उरलं ते असं. चांगला एसएमपीएस, एफ नसलेला आय५-१२४००, दोन रॅमच्या जागा असलेला साधा एच६१० बोर्ड, बिलासह जुनं आरएक्स ६६००, आठ-आठच्या दोन जुन्या रॅम, पाचशे जीबीची नवी एसएसडी, जाळीचं कॅबिनेट, शंभर हर्ट्झचा मॉनिटर. कार्डाला निम्मे पैसे मिळाले नाहीत आणि मामांना कार्डाशिवायचं मशीनही मिळालं नाही. माझ्या मते यात भाचा जास्त जिंकला, आणि ते योग्य झालं. गेमसाठी घेतलेल्या मशीननं गेम नीट चालवला पाहिजे. मामांचं म्हणणं जिथं मानलं गेलं तिथं ते या मातीचं, या लाइटचं आणि इथून सर्व्हिस सेंटर किती लांब आहे याचं होतं, आणि त्या बाबतीत त्यांच्यापुढं कुणाची यादी चालणार नाही.

तुमच्या घरी असं मशीन येणार असेल तर दुकानातून जीएसटीचं बिल घ्या, त्यावर प्रत्येक भागाचा सिरियल नंबर लिहून घ्या आणि तासभर गेम चालवून बघितल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. आणि वायरमनला मशीन येण्याच्या आधी बोलवा.